वाचून दाखवले, बरोबर आहे

ग्राहक मंचाच्या कँटीनच्या दारातच माझे पाय थांबले. आमचे मदने मामा समोरच्या पार्टीच्या वकिलाबरोबर चहा पीत बसले होते.

नुसते बसले नव्हते. बशीत चहा ओतून, फुंकर मारत, निवांत गप्पा चालल्या होत्या. समोर अ‍ॅडव्होकेट देशिंगकर. जिल्ह्यातल्या निम्म्या हॉस्पिटलांची वकिली या माणसाकडे. तो हनुवटीला हात लावून मामांचं बोलणं कीर्तनाला बसल्यासारखा ऐकत होता. अर्ध्या तासात ज्याच्याविरुद्ध आम्हाला उभं राहायचं होतं, त्याच्याच पैशाचा चहा.

"मामा, उठा."

"बसा की बाई. सायेब लई चांगलं हायती."

"उठा म्हणते ना."

देशिंगकर गालातल्या गालात हसले. "अहो मॅडम, चहाच पाजला. विष नाही."

मामांना दंडाला धरून जिन्यापाशी आणलं. त्यांच्या खांद्याला ती नेहमीची खाकी पिशवी. ती पिशवी पाहिली तरी माझं डोकं उठायचं.

"किती वेळा सांगितलंय, त्यांच्याशी बोलायचं नाही. काय सांगत होता?"

"काय न्हाई. तुमचंच कवतिक."

"माझं?"

"व्हय. म्हनलं, आमच्या वकीलबाई लई दयाळू. पैल्याच दिशी समद्या सह्या घिऊन टाकल्या. परत म्हाताऱ्याला हेलपाटा घातला न्हाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण मला राग आला होता तो त्यांनी तोंड उघडल्याचा. काय सांगितलं याकडे माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात त्या दिवशी फक्त हॉस्पिटलच्या नर्सची उलटतपासणी होती.

याला आता बावीस वर्षं झाली. हल्ली माझ्या ऑफिसातली जुनिअर मुलं माझ्या नावाने बोटं मोडतात. एकेका पक्षकाराला तास-तास घेता, मॅडम, अशाने कामं कशी उरकायची, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना कारण कधी सांगितलं नाही. सांगायचं तर मदने मामांचं सगळंच सांगावं लागेल, आणि त्यात माझी शोभा आहे.

तेव्हा मी चाळिशीची होते. साताऱ्यात बारा वर्षं वकिली झाली होती, बहुतेक अपघाताच्या दाव्यांची. ट्रकखाली पाय गेलेले, मशीनमध्ये बोटं गेलेली, अशी माणसं माझ्याकडे यायची. डॉक्टरविरुद्धची केस मात्र आमच्याकडे कुणी हातात घ्यायचं नाही. डॉक्टरविरुद्ध डॉक्टर बोलत नाही, आणि वकिलालाही कधीतरी आजारी पडायचं असतंच की. मी तशा चार केसेस घेतल्या आणि चारही हरले होते. वकिलांच्या बार रूममध्ये मला पाहिलं की कुणीतरी खोकून विचारायचं, "काय कुरणे मॅडम, पाचवी कधी?"

पाचवी केस हौसाबाईंची. ज्ञानू मदने, म्हणजे मामा, रेल्वेत फाटकवाले होते. एकतीस वर्षं एकाच फाटकावर काढून निवृत्त झालेले. हौसाबाई त्यांची बायको. तालुक्याच्या गावी डॉक्टर रणभिसे यांच्या हॉस्पिटलात बाईंची गर्भाची पिशवी काढली. पुढे आठ महिने पोट दुखत राहिलं, ताप येत राहिला. शेवटी मिरजेच्या एका सर्जनने पुन्हा पोट उघडलं, तेव्हा आतून मॉप निघाला. ऑपरेशनात रक्त टिपायला वापरतात ती कापडाची जाड घडी, चांगली हातरुमालाएवढी. त्याच्याबरोबर हातभर आतडंही काढावं लागलं. बाई पार चिपाड होऊन घरी आल्या.

डॉक्टर रणभिसेंचा लेखी जबाब दोन ओळींचा. मॉप आमचा नाही, आमच्या रजिस्टरात मॉप मोजल्याची नोंद आहे. आणि ऑपरेशननंतर पेशंट आमच्याकडे तपासणीला एकदाही आली नाही.

पहिल्या दिवशी मी बाईंना विचारलं होतं, "मावशी, भरपाई किती मागायची?"

त्या म्हणाल्या, "ते तुमी बगा. मला कागदावर एवढंच लिवून पायजे, की माझं खरंच दुकत हुतं."

"ते तर येईलच हो," मी म्हणाले आणि कारकुनाला हाक मारली. "शिंगटे, दोघांच्या सह्या घेऊन टाका."

आमच्या ऑफिसची ती रीतच होती. लोक लांबून येतात, अर्धा दिवस एस.टी.त जातो. म्हणून वकीलपत्राबरोबरच सात-आठ कोऱ्या कागदांवर खाली सह्या घेऊन ठेवायच्या. मजकूर मागाहून टाइप करायचा. नोटरीही ओळखीचा, त्याच्याकडे गठ्ठा पाठवला की शिक्के मारून परत. सातारा काय अन् सांगली काय, कुठेही जा, हीच तऱ्हा होती. मला तर ते पुण्याचं काम वाटायचं.

मामांनी दोन वर्षं माझा जीव खाल्ला. साधा प्रश्न विचारला तरी हा माणूस आधी छताकडे बघणार, मग पिशवीला हात घालणार.

"मामा, बाईंना ताप कधी आला?"

"थांबा, बगून सांगतो." आणि पिशवीतून डायरी निघायची. मामांना नोकरीतली सवय. गाडी फाटकातून गेली की मगच वेळ लिहायची, आधी नाही. निवृत्त झाले तरी डायरी सुटली नव्हती. पाव्हणा आला, शेळी व्याली, सगळं झाल्यावर टिपून ठेवायचं.

"मामा, ती पिशवी ठेवा हो बाजूला. मला तुमच्या गाड्यांच्या वेळा नकोत. अंदाजे सांगा."

"अंदाजानं फाटक उगडत न्हाईत, बाई."

आता यावर काय बोलणार? मी शिंगट्यांकडे बघायची आणि शिंगटे भिंतीकडे बघायचे.

पण एक खरं सांगते. हॉस्पिटलच्या रजिस्टरची झेरॉक्स मिळाली तेव्हा त्यातलं वर्म मला दिसलं नव्हतं, ते मामांना दिसलं. मी ती दहा वेळा वाचून बाजूला ठेवली होती. ऑपरेशन नंबर एक, दोन, तीन. प्रत्येकासमोर 'मॉप मोजले, बरोबर' आणि सिस्टरची सही. मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हे एका बैठकीत लिवलंय."

"कशावरून?"

"तीन गाड्या तीन टायमाला गेल्या, तर अक्षर तीन तऱ्हंचं येतं. कवा घाई असती, कवा हात वला असतो. हितं बगा, एका रेगेत, एकसारकं. आन दुसरं सांगू? त्या दिशी तीन ऑप्रेशनं झालीच न्हाईत. तिसरी वाठारची बाई हुती. तिचं बीपी वाडलं म्हून रद्द केलं. हिच्याच शेजारच्या खाटंवर हुती की ती."

मी त्या बाईचा पत्ता काढला, तिचा डिस्चार्ज कागद मिळवला. जे ऑपरेशन झालंच नाही, त्याचेही मॉप मोजून बरोबर भरले होते. मला रात्रभर झोप आली नाही. इतका आनंद झाला, की मामांना शाबासकी द्यायचीही राहून गेली.

तर त्या चहाच्या दिवशी ग्राहक मंचात दोन्ही बाजूंची उलटतपासणी होती. रीतीप्रमाणे आधी आमची व्हायची, पण देशिंगकरांनी दोनदा तारीख मागून घेतली होती. मंचाचे अध्यक्ष वैतागले आणि म्हणाले, आज दोघांचंही उरकून टाका. रजिस्टरावर सही करणाऱ्या सिस्टर सावळकरांना गावी परत जायचं होतं, म्हणून सकाळी त्यांना उभं केलं.

पन्नाशीची, थकलेली, इस्त्रीची पांढरी साडी नेसलेली बाई. मी आधी त्यांच्याकडून वदवून घेतलं, की नोंद मी स्वतः करते, मोजल्यावरच करते. मग वाठारच्या बाईचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"सिस्टर, हे ऑपरेशन झालं?"

त्यांनी कागद वाचला. "नाही."

"मग मॉप कुणाच्या पोटातले मोजलेत?"

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं.  सिस्टरनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टर चष्मा पुसत होते.

"सिस्टर, मी उत्तराची वाट बघतेय."

"रजिस्टर सकाळीच भरून ठेवतो, मॅडम. नंतर वेळ मिळत नाही. सगळीकडे तसंच असतं."

"म्हणजे जे पाहिलं नाही, त्याखाली 'बरोबर' लिहून सही करायची?"

"सगळीकडे तसंच असतं," त्या पुन्हा म्हणाल्या.

मी अध्यक्षांकडे वळले आणि चांगलं पाच मिनिटं बोलले. न पाहिलेल्या गोष्टीखाली सही करणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं, वगैरे. बार रूममधले दोघेतिघे दारात येऊन ऐकत होते, त्यामुळे मला आणखीच चेव चढला. सिस्टर उतरताना कठड्याला धरून उतरल्या. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

जेवणाच्या सुट्टीत मंचामागच्या कडुनिंबाच्या पारावर हौसाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं. मी उभ्या उभ्या पोलिसासारखी सूचना देत होते. देशिंगकर विचारतील तेवढंच सांगा. गाड्या, शेळ्या, काही नको.

मामांनी भाकरी खाली ठेवली. हातात त्यांच्याच प्रतिज्ञापत्राची नक्कल होती. सकाळी शिंगट्यांनी दिलेली.

"बाई, हितं शेवटाला लिवलंय, 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' मला तर कुनी वाचून दावला न्हाई."

"असू दे."

"त्या सायबानं इचारलं तर? मगाशी चा पिताना पुन्यांदा इचारत हुता, सह्या कवा घेतल्या म्हून."

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. देशिंगकर दुपारी नेमकं हेच विचारणार होते. त्या भीतीचा राग मी मामांवरच काढला.

"विचारलं तर 'हो, वाचून दाखवलं' म्हणायचं. एक शब्द. 'हो.' जमेल एवढं?"

"पर न्हाई दावलं की."

"अहो मामा, का छळताय? नाहीच कुणी वाचून दाखवत. सगळीकडे तसंच असतं."

 हौसाबाई फडक्यावरचे भाकरीचे तुकडे गोळा करत होत्या. वर न बघताच त्या म्हणाल्या, "सकाळी ती नर्सबाई बी हेच म्हनली."

  माझा राग गेला. नुसती लाज वाटत राहिली, तीही त्या भाकरी खाणाऱ्या बाईसमोर.

शेवटी मी पारावर बसले आणि मामांच्या हातातून कागद घेतला.

"ऐका. आता वाचते."

पहिले दोन परिच्छेद मामा मान हलवत होते. तिसऱ्यात माझ्या टायपिस्टला पाठ असलेलं वाक्य होतं. "'ऑपरेशननंतर मी माझ्या पत्नीची सर्वतोपरी काळजी घेतली आणि तिला वेळोवेळी धीर दिला.'"

"थांबा," मामा म्हणाले. "हे खोटं हाय."

"कुठलं?"

"धीर दिल्याला. म्या न्हाई दिला."

हौसाबाईंचे हात थांबले.

"डाक्तरकडं चारदा नेली हिला. चारी बारीला त्यो म्हनला, काय न्हाई झालं, कामाचा कंटाळा आला की बायका सोंग करत्यात, लक्ष देऊ नका. आन म्या..." त्यांनी पिशवी पुढे ओढली. "म्या काय केलं, ते बी लिवून ठेवलंय."

"चारदा? डॉक्टर तर म्हणतात एकदाही आली नाही."

"म्हनू द्या की. डायरीत हाय."

"मामा, दोन वर्षांत हे मला सांगितलं का नाही?"

"तुमी पिशवी बाजूला ठिवा म्हनायचा."

त्यांनी डायरी उघडून दिली. एकोणीस जूनचं पान. गोल, सरळ अक्षर. 'हौसाला डॉक्टरकडे नेले. म्हणाले दुखणे नाही, सोंग आहे. पोटाचा फोटो काढायची गरज नाही. सहा वीसच्या पॅसेंजरने परत. घरी हौसाला बोललो. ती जेवली नाही.' पानाला हॉस्पिटलच्या नंबराची चिठ्ठी खळीने चिकटवलेली, वर तारखेचा शिक्का. अशी चार पानं, चार चिठ्ठ्या. डॉक्टरांच्या जबाबातली दुसरी ओळ खोटी ठरवणारा पुरावा त्या खाकी पिशवीत दोन वर्षं पडून होता, आणि मी ती पिशवी प्रत्येक तारखेला खुर्चीखाली सरकवून ठेवली होती.

दुपारी बैठक सुरू झाली. देशिंगकर कागद सरळ करत उभे राहत होते, त्यांच्या आधी मी उठले.

"सर, माझ्या दोन्ही पक्षकारांची प्रतिज्ञापत्रं मी मागे घेते."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "कारण?"

"सह्या कोऱ्या कागदांवर घेतल्या होत्या. मजकूर मी मागाहून टाइप केला. त्यांना वाचून दाखवला नाही. खाली मात्र 'वाचून दाखवला' असं लिहिलं. चूक त्यांची नाही, माझी आहे."

दारात ऐकायला आलेली मंडळी अजून तिथेच होती. देशिंगकरांचा तयार करून आणलेला प्रश्न तोंडातच राहिला, पण ते सावरले.

"सर, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, असा हा प्रकार आहे. तक्रार आजच्या आज काढून टाकावी."

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. "मॅडम, सकाळी त्या सिस्टरना तुम्ही काय म्हणालात, आठवतं?"

"आठवतं, सर."

"शब्द न् शब्द?"

"हो, सर."

त्यांनी बराच वेळ काही लिहिलं.  पाचवी केस गेली, हे मी मनात धरून चालले होते. पण दुःख तेवढ्याचंच नव्हतं. मला हौसाबाईंची ती ओळ दिसत होती, जी आता कुठल्याच कागदावर येणार नव्हती, आणि ती मी घालवली होती.

"वकिलाच्या चुकीची शिक्षा म्हातारीला देणार नाही," शेवटी अध्यक्ष म्हणाले. "तुमच्याबद्दल काय लिहायचं ते मी निकालात लिहीन. साक्षीदार तोंडी साक्ष देतील. आत्ता."

मामा उभे राहिले. शपथ घेतली. मी एकच प्रश्न विचारला, "ऑपरेशननंतर काय झालं ते सांगा." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मध्ये तोडलं नाही.

त्यांनी चार तारखा सांगितल्या, चार चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. मग ते अध्यक्षांकडे बघायचे थांबले आणि बाकावर बसलेल्या बायकोकडे वळले.

"आट म्हैने ही रातीची पोटाशी उशी धरून बसायची. म्या म्हनायचो, बास कर नाटक. एकदा पाव्हन्यांच्या म्होरं म्हनलो. ही उटून सैपाकाला गेली. डाक्तर शिकलेला, त्यो कशाला खोटं बोलंल, असं वाटलं. हिच्यावर इस्वास ठिवला न्हाई, त्येच्यावर ठिवला. माजी चूक हाय ती. हे बी लिवून घ्या."

मंचाचा टायपिस्ट थांबला होता. अध्यक्ष त्याला म्हणाले, "घ्या, तसंच घ्या."

देशिंगकरांनी तासभर उलटसुलट विचारलं. डायरी नंतर लिहिली का, चिठ्ठ्या दुसऱ्या कुणाच्या का. मामा प्रत्येक वेळी छताकडे बघत आणि पान काढून दाखवत. शेवटी देशिंगकरच कंटाळून खाली बसले. मामा उतरून बाकापाशी आले. हौसाबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. पण त्यांनी शेजारी ठेवलेलं भाकरीचं फडकं उचलून मांडीवर घेतलं आणि त्यांना बसायला जागा केली.

निकाल दोन महिन्यांनी लागला. आम्ही जिंकलो. बार रूममध्ये अभिनंदन कुणी केलं नाही, कारण निकालाची नक्कल माझ्याआधी तिथे पोचली होती आणि नववा परिच्छेद सगळ्यांनी वाचला होता. 'तक्रारदाराच्या विद्वान वकिलांनी' असं सुरू होणारा, अर्ध्या पानाचा. त्यात मला काय काय म्हटलं होतं ते मला आजही तोंडपाठ आहे.

मामा आणि हौसाबाई नक्कल घ्यायला ऑफिसात आले. शिंगट्यांनी पोच घ्यायला वही पुढे केली आणि सवयीने म्हणाले, "मावशी, इथं सही करा."

हौसाबाईंनी पेन घेतलं, पण टेकवलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"आदी वाचून दावा."

"सगळं? चौदा पानं आहेत."

"समदं."

मी वाचायला लागले. नवव्या परिच्छेदापाशी आले तेव्हा माझा हात आपोआप पान उलटायला गेला. मामांनी ते पाहिलं. पिशवीवर हात ठेवून बसून राहिले. मी पान परत सरळ केलं आणि तोही परिच्छेद वाचला, एकही शब्द न गाळता. दारात बसलेले दुसरे पक्षकारही ऐकत होते. 

मग अकरावा आला. 'चारही भेटींच्या वेळी तक्रारदार महिलेला प्रत्यक्ष व तीव्र वेदना होत होत्या, आणि तिने त्याबाबत केलेली प्रत्येक तक्रार खरी होती, असे मंचाचे मत आहे.'

मी पुढच्या परिच्छेदाला सुरुवात केली तेवढ्यात हौसाबाईंनी टेबलावर हात ठेवला.

"त्ये मागलं परत वाचा."

मी वाचलं.

"आता ह्यांना बगू द्या," त्या मामांकडे मान करून म्हणाल्या. "ह्यांनी वाचू दे."

मामांनी चष्मा लावला. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि शाळेतल्या पोरासारखं बोट ठेवून ती ओळ मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर पिशवीतून डायरी काढली, घड्याळ बघितलं, आणि मग लिहून घेतली.

हौसाबाईंनी वही जवळ ओढली. "कुटं करू सही?"